बोटांतल्या मुंग्या आणि ग्राइंडरची थरथर

आपल्या घरातील कोणी फाउंड्रीत, फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये किंवा दगडकामावर असेल, तर त्यांना आज एक साधा प्रश्न विचारून पाहा. काम संपल्यानंतर हातांना किती वेळ मुंग्या येत राहतात? पाच-दहा मिनिटे, घरी पोहोचेपर्यंत, की रात्री झोपेतही? हा प्रश्न बहुधा हसण्यावारी नेला जाईल. मशीन धरल्यावर मुंग्या येणारच, असे उत्तर मिळेल. तरीही पुढे विचारा. शर्टाची बटणे लावायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो का? खिशातील सुटी नाणी न पाहता, नुसत्या बोटांनी ओळखता येतात का? थंडीत पहाटे गाडीवरून जाताना एखादे बोट पांढरेफटक पडते का?

या प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांच्या कितीतरी आधी घराला ठाऊक झालेली असतात. चहाचा कप हातातून निसटतो, सुईत दोरा ओवता येत नाही, रात्री हात झटकत उठावे लागते. घरातल्या माणसांना हे दिसते. पण त्याचा संबंध कारखान्यातील यंत्राशी जोडला जात नाही. वय झाले, अशक्तपणा आला, मणक्याची शीर दबली असेल, असे म्हणून प्रत्येक जण स्वतःची समजूत घालतो. हा संबंध वेळेत जोडला गेला तर हात वाचू शकतात. उशीर झाला तर पुढे काम सोडूनही ते पूर्ववत होतीलच असे नाही.

कोल्हापुराहून पुण्याच्या दिशेने निघून पंचगंगेचा पूल ओलांडला, की काही वेळातच शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते. शेतीच्या पाण्यासाठी लागणारी ऑइल इंजिने घडविता घडविता कोल्हापुरात ओतकामाचा धंदा रुजला. आज येथील फाउंड्र्यांतून मोटारी, ट्रॅक्टर, पंप आणि व्हॉल्व्ह यांचे सुटे भाग देशभर व परदेशी जातात. भट्टीतला लालभडक रस साच्यात ओतला जातानाचे दृश्य सर्वांनी निदान छायाचित्रात पाहिलेले असते. त्यानंतर काय होते ते फारसे कोणी पाहत नाही. साच्यातून बाहेर पडलेल्या कास्टिंगची वाळू झाडावी लागते, रायझर आणि रनर तोडावे लागतात, आणि साच्याच्या दोन अर्ध्या भागांच्या सांध्यावर उरलेले लोखंडाचे धारदार पाते घासून काढावे लागते. या सफाईला फेटलिंग म्हणतात. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, ठिणग्यांच्या पावसात, दिवसभर हेच काम चालते. कधी हातातला ग्राइंडर कास्टिंगवर टेकवायचा, कधी हवेवर चालणाऱ्या चिपिंग हॅमरने पाते तोडायचे, तर कधी कास्टिंगच दोन्ही हातांनी उचलून पेडेस्टल ग्राइंडरच्या फिरत्या चाकावर धरायचे. या शेवटच्या प्रकारात हातात यंत्र नसते, म्हणून धोका नाही असे वाटते. पण चाकाची सगळी थरथर कास्टिंगमधून थेट तळव्यात उतरते.

आजच्या हातयंत्रांवर सुरक्षेच्या सोयी पुष्कळ आहेत आणि त्या समजून घेण्यासारख्या आहेत. चाकाभोवतीचा गार्ड फुटलेल्या चाकाचे तुकडे कामगाराच्या दिशेने येऊ देत नाही. बाजूचे हँडल यंत्र दोन्ही हातांत ठेवते. बोट उचलताच यंत्र बंद पाडणारा स्विच असेल, तर यंत्र हातातून सुटल्यावर फिरत राहत नाही. काही यंत्रांत चाक अडकल्याबरोबर वीज तोडणारी व्यवस्था असते. त्यामुळे यंत्राचा झटका मनगटावर येत नाही. काहींत ब्रेक असतो, तो स्विच सोडल्यावर काही क्षणांत चाक थांबवितो. वीज जाऊन पुन्हा आली तर यंत्र आपोआप सुरू होऊ न देणारी सोय आपल्याकडे विशेष उपयोगाची आहे. यंत्राच्या पाटीवर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल, तर त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे असे समजावे. आणि शेडच्या वीजबोर्डावर ईएलसीबी असलाच पाहिजे. ओल्या फरशीवर उभे राहून काम करणाऱ्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो.

या सोयींपैकी सर्वांत आधी काढून टाकला जातो तो गार्ड. कारण बहुतेकदा एकच असते: लहान यंत्रावर मोठे चाक बसवायचे असते. पाच इंची आणि सात इंची चाकांचे मधले छिद्र सारखेच, २२.२३ मिलिमीटरचे असते. गार्ड काढला की मोठे चाक सहज बसते. आता हिशेब पाहा. सात इंची चाकावर साधारण ८,५०० आरपीएम ही कमाल मर्यादा छापलेली असते. त्या गतीला चाकाची कड सेकंदाला ८० मीटर, म्हणजे ताशी २८८ किलोमीटर वेगाने फिरते. पाच इंची यंत्र ११,००० आरपीएमने फिरते. तेच सात इंची चाक त्या यंत्रावर चढविले, तर कडेचा वेग सेकंदाला १०३ मीटरच्या पुढे, ताशी ३७० किलोमीटरवर जातो. चाक या वेगासाठी बनविलेले नसते, आणि ते फुटले तर तुकडे अडवायला गार्डही जागेवर नसतो. डोळा, गळा, मांडी यांना होणाऱ्या भयंकर जखमा अशाच घडतात.

चाकाविषयी आणखी एक गोष्ट. राळेने बांधलेल्या चाकाला आयुष्य असते. मधल्या धातूच्या कडीवर महिना आणि वर्ष छापलेले असते. ती मुदत सामान्यतः बनविल्यापासून 3 वर्षांची धरतात. ओलाव्याने ही राळ कमकुवत होते. कोल्हापूरचा पावसाळा लक्षात घेता, गळक्या पत्र्याखाली उभी करून ठेवलेली चाके जुलै-ऑगस्टमध्ये काय अवस्थेत असतील याचा विचार करावा. एका बाजूने ओलावा धरलेले चाक तोल बिघडून फिरते आणि अधिक थरथरते. चाके कोरड्या जागी, आडवी आणि सपाट ठेवावीत.

वर सांगितलेल्या जवळजवळ सर्व सोयी क्षणात घडणाऱ्या अपघातासाठी आहेत. अपघात झाला की आरडाओरडा होतो, रक्त दिसते, गाडी बोलावली जाते, नोंद होते. थरथरीने होणारी इजा मात्र कोणत्याही एका दिवशी घडत नाही. गार्ड जागेवर असतो, चष्मा डोळ्यावर असतो, ब्रेक उत्तम चालतो, आणि तरीही रोज थोडा थोडा हात खर्ची पडत असतो. यंत्राच्या जाहिरातीत वॉट आणि आरपीएम ठळक अक्षरांत छापतात. कंपनाचा आकडा पुस्तिकेच्या आतल्या पानांवर बारीक टाइपात असतो. विकत घेणाऱ्याने तो विचारल्याचे क्वचितच ऐकू येते.

ही इजा नवी नाही. थंडीने बोटे पांढरी पडण्याच्या विकाराचे वर्णन मोरीस रेनो या फ्रेंच वैद्याने १८६२ साली केले होते. दाबलेल्या हवेची हत्यारे खाणींत आणि दगडकामात आल्यावर तोच विकार कामगारांच्या हातांत दिसू लागला. इटलीत जिओव्हान्नी लोरिगा यांनी १९११ साली त्याची नोंद केली. अमेरिकेत इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथे चुनखडीचा दगड घडविणाऱ्या कामगारांची तपासणी डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी केली आणि १९१८ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. हवेच्या हातोड्याने काम करणाऱ्या या माणसांची बोटे थंडीच्या सकाळी मेल्यासारखी पांढरी व बधिर होत. विशेष म्हणजे छिन्नी धरणाऱ्या डाव्या हाताला अधिक त्रास होता. शिरोलीत चिपिंग करणाऱ्या माणसाने आपला छिन्नीकडचा हात तपासून पाहावा. शंभर वर्षांपूर्वीचे ते निरीक्षण आजही लागू पडते. पुढे ब्रिटनमधील कोळसा खाणकामगारांनी या विकारासाठी भरपाई मागितली, तेव्हा दीड लाखांहून अधिक दावे दाखल झाले. खाणी बंद पडल्या, तरी हातांची दुखणी राहिली होती.

आत नेमके काय घडते? ११,००० आरपीएमचा ग्राइंडर सेकंदाला सुमारे १८३ वेळा फिरतो आणि तितक्याच वेळा हाताला धक्का देतो. प्रत्येक धक्का नगण्य असतो. पण बोटांतील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तराला त्यांची सतत झीज सोसावी लागते. या वाहिन्या हळूहळू अतिसंवेदनशील होतात आणि थोड्याशा गारव्यानेही आवळल्या जातात. मग बोटाच्या टोकाकडून रक्त हटते, ते पांढरे पडते, पुढे निळसर होते. रक्त परत आले की लाल होऊन ठणकते. त्याच वेळी स्पर्श ओळखणाऱ्या बारीक मज्जातंतूंचे आवरणही झिजत जाते. प्रथम मुंग्या, मग बधिरपणा, शेवटी बोटांतील कौशल्यच नाहीसे होणे, असा हा प्रवास असतो. मनगट, कोपर आणि स्नायूही यात सापडतात. पकड सैल होते. वैद्यकशास्त्रात याला हँड-आर्म व्हायब्रेशन सिंड्रोम म्हणतात. १९८६ च्या स्टॉकहोम परिषदेत ठरलेल्या पायऱ्यांनुसार रक्तवाहिन्यांची आणि मज्जातंतूंची अवस्था डॉक्टर स्वतंत्रपणे मोजतात, आणि त्यामागे कारण आहे. प्रारंभीच थरथर थांबविली तर रक्तवाहिन्या बऱ्याच अंशी सावरतात. मज्जातंतूंची हानी मात्र अनेकदा तशीच राहते.

येथे आपल्या हवामानाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या विकाराची पुस्तके थंड देशांत लिहिली गेली, म्हणून त्यांत पांढरी बोटे हे मुख्य लक्षण ठरले. उष्ण प्रदेशांतील कामगारांत पांढरी बोटे तुलनेने कमी आणि मुंग्या, बधिरपणा, पकडीतील कमजोरी अधिक आढळते. कोल्हापुरात कडाक्याची थंडी थोडेच दिवस असते. त्यामुळे बोट पांढरे पडण्याची वाट पाहत बसलेला माणूस मज्जातंतूंची बरीच हानी होईपर्यंत निर्धास्त राहू शकतो. थंडीतली पहाट ही आपल्याकडची खरी चाचणी होय: पहिल्या पाळीसाठी गावाकडून मोटारसायकलवर निघालेल्या माणसाच्या उघड्या बोटांवर नदीकाठचे धुके आणि गार वारा एकदम येतो. बोट पांढरे पडले तर ते बहुधा तेव्हाच पडेल, आणि पाळी सुरू होऊन हात तापेपर्यंत ते पूर्ववतही झालेले असेल. म्हणून घरच्यांनी त्या वेळी मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवण्यास सांगावे. दवाखान्यात पोहोचल्यावर डॉक्टरांना दिसेल तो साधा, गुलाबी हात.

मुंग्या आणि बधिरपणा अनेक कारणांनी येतात, आणि येथेच घोटाळा होतो. मधुमेह, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, मानेच्या मणक्याचा त्रास, मनगटातील शीर दबणे, ही सर्व कारणे आपल्याकडे मुबलक आहेत आणि ती तपासलीच पाहिजेत. पण तपासणीच्या खोलीत रुग्णाने "हाताला मुंग्या येतात" एवढेच सांगितले आणि व्यवसाय "खासगी नोकरी" असा लिहिला, तर थरथरीचा विचार कोणाच्या मनात येणार? बी-१२ च्या गोळ्या मिळतात, मानेला पट्टा मिळतो, आणि दुसऱ्या दिवशी तोच हात पुन्हा ग्राइंडरवर जातो. मनगटातील शीर दबण्याचा विकार तर थरथरीनेही होतो. त्याची शस्त्रक्रिया करून माणूस त्याच यंत्रावर परतला, तर त्रास पुन्हा उद्भवण्याचा संभव राहतो.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: कोणते यंत्र, दिवसाला प्रत्यक्ष किती वेळ चालते, किती वर्षे, आणि त्रास कोणत्या बोटांपासून सुरू झाला. सुट्टीत गावी गेल्यावर मुंग्या कमी होतात का, हेही सांगावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी बरोबर ठेवावी, कारण त्यांपैकी काही प्रकारच्या गोळ्यांनी बोटांतील रक्तप्रवाह आणखी कमी होऊ शकतो. मात्र स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. गरज वाटल्यास डॉक्टर मज्जातंतूंची वहनक्षमता, बोटांची स्पर्शज्ञता आणि पकडीचा जोर तपासतात. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, किंवा विमाधारक कामगाराने राज्य कामगार विमा योजनेच्या दवाखान्यात, ही सुरुवात करता येते.

आता मुख्य प्रश्न: किती थरथर सोसली म्हणजे फार झाली? युरोपने २००२ साली त्यासाठी दोन रेषा आखल्या. कंपनाची तीव्रता मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात मोजतात. आठ तासांच्या दिवसाच्या हिशेबाने २.५ ही कृतीची रेषा: तिच्या पुढे मालकाने उपाय केलेच पाहिजेत. ५ ही कमाल मर्यादा: ती ओलांडायची नाही. ब्रिटनने २००५ मध्ये याच रेषा आपल्या नियमांत घेतल्या आणि कामगाराला समजावी अशी गुणपद्धतही रूढ केली. ती घरबसल्या करण्यासारखी आहे. यंत्राच्या पुस्तिकेतील कंपनाचा आकडा घ्या, त्याला त्याच आकड्याने गुणा, आणि येईल त्याची दुप्पट करा. एक तास यंत्र चालविण्याचे तेवढे गुण. दिवसात १०० गुण झाले की कृतीची रेषा आली, ४०० झाले की कमाल मर्यादा.

समजा, ग्राइंडरचा आकडा ७ आहे. सात साते एकोणपन्नास, दुप्पट अठ्ठ्याण्णव. म्हणजे एका तासातच कृतीची रेषा जवळ येते आणि चार तासांत कमाल मर्यादा. चिपिंग हॅमरचा आकडा १२ धरला, तर तासाला २८८ गुण होतात; वीस-एकवीस मिनिटांत पहिली रेषा आणि दीड तासाच्या आतच दुसरी. कंपन दुप्पट झाले तर सुरक्षित वेळ निम्मी होत नाही, ती पावपट होते, हे या हिशेबातून लक्षात येईल. पुस्तिकेतील आकडा प्रयोगशाळेत मोजलेला असतो. त्याच्या शेजारी 'के' या अक्षरापुढे अनिश्चिततेचा आकडा दिलेला असतो, तो मिळवूनच हिशेब करावा. झिजलेले बेअरिंग आणि वाकडे झालेले चाक असेल तर प्रत्यक्षातील कंपन त्याहूनही अधिक भरते. शंभराच्या आत राहिलो म्हणजे काही होणारच नाही, असाही याचा अर्थ नाही.

यंत्र प्रत्यक्ष किती वेळ चालले हे मात्र अंदाजाने सांगू नये. आठ तासांच्या पाळीत कास्टिंग उचलणे, पालटणे, चाक बदलणे, जेवण यांत बराच वेळ जातो. एका कास्टिंगला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून मोजावे आणि दिवसाच्या नगांनी गुणावे.

नगांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. फेटलिंगचे काम पुष्कळदा ठेकेदारामार्फत, नगावर किंवा टनावर ठरते. त्यात परप्रांतातून आलेली तरुण मुलेही असतात. त्यांच्या घरचे त्यांच्या हातांकडे पाहायला जवळ नसतात. अधिक नग म्हणजे अधिक पैसे, आणि अधिक नग म्हणजेच अधिक गुण. दिवाळीच्या तोंडावर किंवा बहिणीच्या लग्नासाठी दोन पाळ्या करणाऱ्या मुलाला कमाल मर्यादेचा आकडा सांगून काय उपयोग, असे कोणी म्हणेल. त्याला दोष देण्यात अर्थ नाहीच. पण घरी जेव्हा ओव्हरटाइमचा हिशेब मांडला जातो, तेव्हा त्यात हातांचा हिशेबही धरावा, एवढे तरी आपल्या हाती आहे. चाळिशीत पकड गेलेल्या माणसाला ठेकेदार ग्राइंडर देत नाही आणि सुपरवायझर करीत नाही.

हातमोज्यांविषयी बाजारात मोठा गैरसमज आहे. जाड पॅडचे कंपनरोधक हातमोजे विकत मिळतात आणि ते घातले की काळजी मिटली असे मानले जाते. कमी वारंवारितेचे धक्के, विशेषतः चिपिंग हॅमरचे, ते फारसे अडवीत नाहीत. ग्राइंडरच्या वरच्या वारंवारितेवर थोडाफार फरक पडतो. पण फार जाड मोज्याने यंत्र अधिक आवळून धरावे लागते, आणि पकड घट्ट झाली की कंपन हातात जास्त उतरते. मोजे घालावेत, पण ते उबेसाठी, ठिणग्यांसाठी आणि धारदार पात्यासाठी. हवेवर चालणाऱ्या हत्याराची बाहेर पडणारी हवा गार असते. ती बोटांवर येत असेल तर तिचे तोंड दुसरीकडे वळवून घ्यावे. हे काम पाच मिनिटांचे आहे.

घरच्या पातळीवर करण्यासारखे आणखी एक काम तंबाखूचे आहे. बिडी, सिगारेट, मावा, चुना लावून मळलेली चिमूट, या सर्वांतील निकोटिन रक्तवाहिन्या आवळते. थरथरीने आधीच चिडलेल्या वाहिन्यांना दिवसातून दहा वेळा आणखी आवळण्यासारखे ते आहे. ग्राइंडर ठेवून सुट्टीत मावा तोंडात टाकणारा माणूस हाताला विश्रांती देत नसतो. थंडीत पहाटे गाडीवरून जाताना वारा न लागणारे हातमोजे घालावेत, छाती आणि डोकेही उबदार ठेवावे. अंग गार पडले की बोटांचे रक्त आधी कमी होते. बोट पांढरे पडलेच, तर ते काखेत धरावे किंवा कोमट पाण्यात ठेवावे. चुलीजवळ किंवा शेगडीवर धरू नये, कारण बधिर बोटाला चटका कळत नाही. लहानपणापासूनच थंडीने ज्याची बोटे पांढरी पडतात अशा मुलाला या कामाला लावण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

हे सारे केवळ फाउंड्रीपुरते नाही. फरशी कापणारे, रस्ता फोडणारे, सुतारकामात सँडर चालविणारे, यांचे हातही याच वाटेवर असतात. अलीकडे आपल्या शिवारात गवत कापायचे खांद्यावरचे यंत्र आणि पॉवर टिलर आले आहेत. पाळीवरून आल्यावर संध्याकाळी उसाच्या बांधावर तेच चालविणाऱ्या माणसाचे गुण दोन्हीकडचे मिळून मोजावे लागतात.

कायद्याची स्थिती जाणून घेणे आवश्यक आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत शासनाला कळविणे बंधनकारक असलेल्या २९ आजारांची यादी होती. वाळूच्या धुळीने होणारा सिलिकोसिस तिच्यात होता, आवाजाने येणारे बहिरेपणही होते. फेटलिंगच्या कामगाराला हे दोन्ही धोके असतात. त्याच शेडमध्ये, त्याच यंत्राने होणारा कंपनाचा विकार मात्र त्या यादीत नव्हता. यादीत नसलेला आजार डॉक्टर कळवीत नाहीत, न कळविलेला आजार मोजला जात नाही, आणि न मोजलेल्या आजारासाठी यादी बदलण्याची निकड कोणाला वाटत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत तो १९८० पासून आहे. आपल्याकडे यादीत नसला तरी त्याचे उपचार घेण्यास आडकाठी नाही; पण केसपेपरवर "ग्राइंडर चालवितात, इतकी वर्षे, दिवसाला इतके तास" ही ओळ लिहून घेण्याचा आग्रह धरावा. पुढे कधी प्रश्न उभा राहिला, तर ती ओळच कामी येते.

कारखानदार वाचकांसाठीही थोडे. कमी कंपनाचे ग्राइंडर, चाकाचा तोल आपोआप साधणारी कडी असलेली यंत्रे, रबराच्या जोडावर बसविलेली हँडले, धक्का आत जिरविणारे चिपिंग हॅमर बाजारात आहेत; खरेदीच्या वेळी दरपत्रकात कंपनाचा आकडा मागावा. बेअरिंग वेळेवर बदलावे. एकाच माणसाला दिवसभर घासायला लावण्याऐवजी दोन माणसांनी घासणे आणि गेजवर तपासणे आलटून पालटून करावे. नवा माणूस कामाला लागतानाच त्याच्या हातांची तपासणी करून नोंद ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येते.

परंतु सर्वांत मोठा उपाय फेटलिंगच्या शेडमध्ये नसतोच. कास्टिंगवर जाड पाते का उरते? पॅटर्न झिजलेला असतो, मोल्डिंग बॉक्सच्या पिना ढिल्या झालेल्या असतात, साच्याचे दोन भाग नीट बसत नाहीत, कोअर सरकते. तिथून निसटलेल्या लोखंडाचा प्रत्येक मिलिमीटर पुढे कोणीतरी हाताने घासून काढतो. पॅटर्न शॉपमध्ये पिन आणि बुश बदलायला जो खर्च येतो तो खर्चाच्या वहीत दिसतो. फेटलिंगला नगामागे वाढलेली तीन मिनिटे ठेक्याच्या दरात बुडून जातात. पुढच्या वेळी शेडमध्ये गेल्यावर एकाच कास्टिंगचे दोन नग उचलून पाहावेत, एक नव्या पॅटर्नचा आणि एक जुन्या. सांध्यावरून बोट फिरविले तरी फरक कळतो, अर्थात बोटांना स्पर्श कळत असेल तर.